तिकीट ग्राहकानं का लावायचं?

टपालानं जाहिरात करणाऱ्या व्यापाऱ्यांचं एक रडगाणं कायमचं आहे: ‘पत्रं पाठवली, पण लोक उत्तरच देत नाहीत.’ अशी पत्रं मी मागून घेऊन वाचतो. गुळगुळीत कागद, चार रंग, संस्थापकांचा फोटो, परंपरेचा गौरव. पण वाचणाऱ्यानं करायचं काय, कळवायचं कुठे आणि कधीपर्यंत, यावर ओळ नाही. विचारलंच नाही, तर उत्तर येणार कुठून?

उत्तर लवकर हवं असेल, तर ग्राहकाचे कष्ट आपण उचलायचे. टपाल खात्याचं बिझनेस रिप्लाय कार्ड याच तत्त्वावर उभं आहे. व्यापारी पोस्टाकडून परवाना घेतो, परवाना क्रमांक आणि आपला पत्ता छापलेलं कार्ड पत्रासोबत धाडतो. ग्राहकानं त्यावर खूण करून ते पेटीत टाकायचं, तिकीट लावायचं नाही. टपालखर्च व्यापाऱ्याच्या माथी, आणि तोही परत आलेल्या कार्डांपुरताच. असं असताना ‘सोबतचा अर्ज भरून, योग्य ते तिकीट लावून पाठवावा’ हा हुकूम कशासाठी? आणि त्या अर्जात पुन्हा ‘पूर्ण नाव, संपूर्ण पत्ता, पिनकोड’! अहो, त्याच पत्त्यावर तुमचं पत्र पोचलं ना? मग तो आधीच छापून द्या.

कार्डाऐवजी क्यूआर कोड छापलात तरी नियम हाच. कोड स्कॅन केल्यावर थेट मागणीचा अर्ज उघडला पाहिजे. कंपनीचा इतिहास उघडला, की ग्राहक गेलाच. शेजारी फोन नंबरही असू द्या, आणि तो चष्म्याशिवाय वाचता यावा.

दुसरी गोष्ट तारखेची. ‘मर्यादित कालावधीसाठी’ हे शब्द वाचून कोणी उठत नाही. मराठी प्रकाशकांची प्रकाशनपूर्व सवलत बघा: अमुक तारखेपर्यंत ही किंमत, नंतर पूर्ण किंमत. वाचक हिशेब करतो आणि पैसे पाठवतो. मात्र तारीख खरी हवी. ‘लोकाग्रहास्तव मुदतवाढ’ एकदा जाहीर केलीत, की पुढच्या वेळी कोणी घाई करणार नाही, आणि त्यात लोकांची काहीही चूक नसेल. पत्र पोचायला लागणारे दिवस धरूनच मुदत ठरवा. सवलत संपल्यावर हातात पडलेलं पत्र ग्राहकाला चीडच आणतं.

पोचण्याचं म्हणाल, तर पिनकोड नीट लिहा. श्री. भि. वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्यानं १५ ऑगस्ट १९७२ पासून देशाला दिलेले हे सहा आकडे; त्यांतले शेवटचे तीन थेट वाटप करणाऱ्या पोस्टापर्यंत नेतात. ग्राहकयादीत ते चुकले, की पत्र भलत्या पोस्टात जाऊन रेंगाळतं. यादी तपासणं कंटाळवाणं काम आहे, म्हणून ते नव्या मुलावर सोपवलं जातं. मालकानं स्वतः बसावं असं काम हेच.

आणि एकदम साऱ्या गावाला पत्रं टाकू नका. अमेरिकेतल्या क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ सालच्या ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात सांगितलेली रीत अजून चालते: जाहिरातीच्या प्रत्येक नमुन्याच्या कूपनावर वेगळी खूण ठेवायची आणि कुठली कूपनं जास्त परत येतात ते मोजायचं. दोन मथळे, दोन खुणा, थोडी पत्रं. जो मथळा उत्तरं आणतो तोच पुढे छापायचा, मग तो मालकाला आवडो वा न आवडो.

आता खरा राग येतो ती गोष्ट. ग्राहक त्याच दिवशी कार्ड पाठवतो आणि ते दुकानात टेबलावर पडून राहतं. फोन केला तर ‘त्या ऑफरचं मला माहीत नाही, साहेब बाहेर गेलेत.’ ग्राहकाकडून झटपट उत्तराची अपेक्षा, आणि आपल्याकडून? पत्रं पोस्टात देण्याआधी फोनवर बसणाऱ्या मुलीच्या हातात त्या पत्राची एक प्रत द्या, माल किती शिल्लक आहे ते तिला सांगा, आणि सवलत मंजूर करायचा अधिकारही तिलाच द्या.