तोरणमाळावर ‘क्रिश ३’चा निकाल लावण्याची रीत

‘क्रिश ३’ चांगला होता की वाईट, हे प्रकरण १ नोव्हेंबर २०१३पासून प्रलंबित आहे. सिनेमाने गल्ला तुफान जमवला, त्यामुळे एक पक्ष म्हणतो निकाल तेव्हाच लागला. दुसरा पक्ष म्हणतो, गल्ल्यावर निकाल लागत असता तर मटक्याच्या अड्ड्यालाही पुरस्कार द्यावा लागला असता. गेल्या दशकभरात लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या मागच्या बाकावर आणि एकदा तर तेराव्याच्या जेवणात हा विषय निघालेला प्रस्तुत लेखकाने पाहिला आहे. निकाल कुठेच लागला नाही. सबब ही मार्गदर्शिका.

सुनावणीचे ठिकाण तोरणमाळ. का, ते सांगतो. एक तर घाटात मोबाइलची रेंज येते-जाते, त्यामुळे कोणालाही ‘थांब, आत्ता शोधून दाखवतो’ म्हणता येत नाही. चाहत्यांचा खरा वाद पुराव्याशिवायच रंगतो. दुसरे म्हणजे, महाबळेश्वरनंतरचे राज्यातले दुसऱ्या क्रमांकाचे थंड हवेचे ठिकाण अशीच तोरणमाळची ओळख सगळीकडे करून दिली जाते. म्हणजे पहिल्याशी तुलना होणे काय असते, हे या डोंगराला पाठ आहे. तोरणमाळ ज्यात येते तो नंदुरबार जिल्हाही १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून निघालेला दुसरा भाग. पुढच्या भागाला न्याय द्यायचा तर जागाही समदुःखी हवी.

पावसाळ्यात जाऊ नये. तेव्हा डोंगर हिरवागार असतो, हे कबूल. पण ढग थेट रस्त्यावर उतरतात. पहिल्या भागातला, म्हणजे ‘कोई... मिल गया’मधला परग्रहवासी जादू उन्हावर चालतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना अडचण लगेच कळेल. ढगाळ हवेत पहिल्या भागाच्या बाजूचे लोक हतबल होतात आणि नंतर सुनावणी निष्पक्ष झाली नाही म्हणून ओरडतात. हिवाळा उत्तम. ऊन लख्ख असते, आणि आवाज कितीही चढला तरी घाम येत नाही.

मंडळी निवडताना काळजी घ्यावी. गाडीत एक मामा हवेत, ज्यांनी २००३ साली पहिला भाग थिएटरात पाहिला आणि त्यातल्या नायकाच्या, रोहितच्या, आईबरोबर रडले. एक दादा हवा, जो २००६च्या ‘क्रिश’नंतर काळा मुखवटा लावून गच्चीच्या कठड्यावर चढला होता आणि ज्याला वडिलांनी खाली उतरवून प्रसाद दिला. आणि एक भाचा हवा, ज्याने आयुष्यात सगळ्यात आधी ‘क्रिश ३’च पाहिला. भाच्याला वगळू नये. तो नसला तर ती सुनावणी नव्हे, शोकसभा होते. कोणाचेही मत विचारण्याआधी त्याने पहिल्यांदा कोणता भाग पाहिला आणि तेव्हा तो कितवीत होता, एवढेच विचारावे. ऐंशी टक्के मते तिथेच कळतात. (हा आकडा गाडीतल्या गाडीत काढलेला आहे, कुठे उद्धृत करू नये.)

शहादा सोडले की पहिला वाद आपोआप निघतो: ‘क्रिश २’ कुठे आहे? नवखा माणूस इथे गडबडतो. खुलासा असा की मोजणी ‘कोई... मिल गया’पासून केली आहे, म्हणून ‘क्रिश’ दुसरा आणि त्याच्यानंतरचा एकदम तिसरा. मामांना हे मान्य नसते. ज्या सिनेमाच्या नावात क्रिश नाही तो क्रिश पहिला कसा, असा त्यांचा सवाल असतो. सात पायरी घाटाची वळणे लागेपर्यंत हा मुद्दा चालू द्यावा. वळणे लागली की मामा खिडकीकडे तोंड करतात आणि मुद्दा निकाली निघतो.

मुख्य सुनावणी यशवंत तलावाच्या काठी. आधी आरोप वाचावेत. खलनायक काल चाकाच्या खुर्चीत बसून नुसत्या इच्छाशक्तीने लोखंड हलवतो आणि काया हवे ते रूप घेते. या दोघांना ‘एक्स-मेन’च्या घरी आधीच पाहिले आहे, हा पहिला आरोप. गाण्यांत जीव नाही, हा दुसरा. पात्रे मधूनच थांबून वस्तूंच्या जाहिराती करतात, हा तिसरा. त्यावर भाच्याने शांतपणे बोर्नव्हिटाची आठवण काढावी, कारण पहिल्या भागातले लोकही काही नुसते पाणी पीत नव्हते. बचावासाठी कंगना रनौतची काया पुढे करावी. त्या सिनेमात कोणाला काही वाटते आहे असे जर कुठे दिसत असेल तर ते तिच्याच चेहऱ्यावर, हे मामासुद्धा दबक्या आवाजात मान्य करतात.

इथे अध्यक्षांनी, म्हणजे गाडीचे भाडे ज्याने भरले त्याने, आपले मत नोंदवायला हरकत नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे: पहिल्या भागाकडे एक नियम होता. ऊन आहे तर शक्ती आहे, ढग आला की संपले. लहान मुलालाही कळेल आणि भीती वाटेल असा नियम. तिसऱ्या भागात ऊन आहे. रोहित सूर्यप्रकाशाने मेलेल्यात प्राण फुंकण्याचे यंत्रच बनवतो. पण जोडीला विषाणू आहे, त्याचा उतारा आहे, माणूस आणि प्राणी मिसळून केलेले मानवर आहेत, सूड आहे, बाळ आहे. शक्ती इतक्या जणांना वाटून दिल्या की कोणाकडून काढून घेतल्याचे दुःखच राहिले नाही. एवढे बोलून अध्यक्षांनी चहा सांगावा, नाहीतर दादा ‘मग ॲव्हेंजर्सचं काय?’ असे विचारतो आणि दुपार जाते.

कोणी व्हीएफएक्सचा विषय काढलाच, तर मालेगावचे नाव घ्यावे. तिथे शेख नासिर यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला. यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख त्यात सुपरमॅन झाला, आणि हिरवा पडदा लावून त्याला हवेत उडवला. हे सगळे फैझा अहमद खान यांच्या २००८च्या माहितीपटात आहे. त्या सुपरमॅनच्या उड्डाणात खोट काढणारा चाहता अजून भेटायचा आहे. कोट्यवधींच्या उड्डाणावर मात्र प्रत्येक जण तज्ज्ञ होतो.

‘यात विज्ञान कुठे आहे?’ असे विचारणारा एक गृहस्थ प्रत्येक गाडीत असतो. त्याला जयंत नारळीकर आठवतात, आणि आठवलेच पाहिजेत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि बक्षीस मिळवले. आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून. हीच कसोटी ‘क्रिश ३’ला लावून पाहावी: शीर्षक झाकले, मुखवटा काढला, तर निम्मे राग जातात आणि निम्मी प्रेमेही जातात. गृहस्थ खूश होतो आणि पुढे बोलत नाही.

मामा हरायला लागले की ‘झपाटलेला २’ काढतात. तोही २०१३चाच, ७ जूनचा, आणि थ्रीडी. तात्या विंचू आहे, दिलीप प्रभावळकर आहेत, महेश कोठारे आहेत. पण लक्ष्या नाही. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले. यावर वाद घालू नये. गाडीत काही वेळ शांतता पाळावी आणि मग भेळ काढावी. परदेशी दाखल्यांपैकी ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ तेवढा चालेल: १९८० साली त्याच्यावरही नाके मुरडली गेली, आणि आज स्टार वॉर्सवाले त्यालाच डोक्यावर घेतात. हा दाखला भाच्याने वापरावा. दादाने वापरला तर तो दोन तास चालतो.

आता गोरखनाथांच्या मंदिराकडे जावे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. त्या दिवशी सुनावणी ठेवू नये, गाडी लावायला जागा मिळत नाही. इतर दिवशी पायऱ्यांवर बसून निर्णायक युक्तिवाद करता येतो. मच्छिंद्रनाथ गुरू, गोरखनाथ शिष्य. स्त्रीराज्यात गुंतून पडलेल्या गुरूला शिष्याने मृदंग वाजवून जागे केले आणि सोडवून आणले, ही कथा नवनाथांची पोथी ऐकलेल्या प्रत्येक घरात माहीत आहे. मच्छिंद्रनाथांची गुंफाही तोरणमाळातच आहे, तीही दाखवावी. म्हणजे पुढच्या भागाने येऊन पहिल्या भागाची सुटका केली, आणि यावर कोणा भक्ताने आजवर ‘पहिलेच बरे होते’ असे म्हटलेले नाही. आता ‘क्रिश’ आठवा. सिंगापूरला डॉक्टर आर्याने रोहितला डांबून ठेवले आहे, त्याच्या हृदयाच्या ठोक्यांवर आर्याचे यंत्र उघडते, आणि मुलगा येऊन बापाला सोडवतो. तिथे मृदंग, इथे ठोके. दुसरा भाग लोकांनी का उचलून धरला, ते कळले? तिसऱ्यात उलटे झाले: बाप मुलासाठी जीव देतो. पहिल्या भागाचा माणूसच संपवून टाकला! मामांचे डोळे २०१३पासून ज्यासाठी लाल आहेत ते हेच आहे. एक्स-मेन वगैरे निमित्त.

हे ऐकून भाचा म्हणेल, ‘पण मामा, मी तर तिथंच रडलो होतो.’ या वाक्याला उत्तर नाही. देऊ नये.

राहिलेल्या सूचना थोडक्यात. सीताखाईच्या कडेला तिकिटाच्या पैशांचा विषय काढू नये, दरी खोल आहे. जेवायला शेवभाजी आणि भाकरी असावी, कारण तिखटाने तोंड पोळलेला माणूस तावातावाने बोलत नाही. मतदान घेऊ नये. घेतलेच तर ड्रायव्हरचे मत धरावे. त्याने तिन्ही भाग टीव्हीवर तुकड्यातुकड्याने पाहिलेले असतात आणि त्याच्या मते तो एकच सिनेमा आहे.

निकालपत्र तिथेच लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात, खाली शहाद्याला उतरल्यावर कोणी बदलू नये म्हणून. घाई करा. २०२५च्या मार्चमध्ये ‘क्रिश ४’ जाहीर झाला आहे आणि तो स्वतः हृतिक रोशन दिग्दर्शित करणार आहे. मागची थकबाकी घेऊन त्या थिएटरात बसू नका.