गडग्यावरची कचेरी

आमच्या आरोंद्यात कोणाकडे बांगडे शिजतायत हे वासावरून कळतं आणि कोण घर घेतंय हे गडग्यावरून. परवा काकींनी हिरांचा खराटा गडग्याला टेकवून पदर खोचला, तेव्हाच ओळखलं, बातमी मोठी आहे.

"गो वयनी, तुज्या झिलान घर बघल्यान म्हणतत, खरा काय?"

"बघल्यान मा," दोरीवर कपडे टाकता टाकता वहिनी म्हणाल्या. "खाडीच्या वाटेर चिऱ्याचा जुना घर आसा, ताच. पुलावरसून मोपाक कामाक जावक बरा पडता. मालक म्हणता, घरपट्टी माज्याच नावार येता, आजून काय होया?"

काकी हसल्या. काकी अशा हसल्या की समोरच्याचं काहीतरी चुकलेलं असतं. "घरपट्टी कोणाच्याय नावार येता. जमीन कोणाची, ता इचारलंस?"

मुद्दा नेमका तोच, म्हणून मीही गडग्यापाशी सरकलो. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा एवढंच सांगतो की कर कोणाकडून घ्यायचा. कोकणात घर एकाचं आणि खालची जमीन भलत्याचीच, हे काही नवल नाही. भाटकाराने आजोबांना तोंडी सांगितलं, बांध घर. त्यांनी बांधलं, पंचायतीने नंबर दिला, आणि सात-बाऱ्यावर भाटकार राहिला तो राहिला. म्हणून आधी सात-बारा, आणि तोही मालकाने घडी घालून आणलेली झेरॉक्स नव्हे. डिजिटल सहीचा उतारा सरकारी संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो. तो हातात आला की वरची नावं वाचून थांबू नये. खरी भानगड 'इतर हक्क' या रकान्यात बसलेली असते: कुळ, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कधीकधी कोर्टातला दावासुद्धा. नाव कसं लागलं ते फेरफार सांगतो. तोही काढावा, आणि वकिलाकडून तीस वर्षांचा शोध करून घ्यावा. वकिलाची फी लोकांना जड वाटते. तेच लोक गृहप्रवेशाच्या जेवणाला हात आखडत नाहीत.

"काडलो सात-बारो," वहिनी म्हणाल्या. "नावा चौदा आसत."

"चौदा! तेतूरले जिते किती?"

वहिनींनी बोटं मोजली. दोन बोटं मिटली, मग तिसरंही. गेलेल्यांच्या वारसांची नोंद झाल्याशिवाय पुढे काही हलत नाही, आणि नोंद झाली की चौदाचे बावीस होतात. एकटा हिस्सेदार विकू शकतो तो फार तर आपला अविभक्त हिस्सा. म्हणजे पैसे देऊन घर नाही, वाटणीचं भांडण विकत घ्यायचं.

"आणि झील पन्नास हजार इसार देवक निघालो," काकींकडे न बघता वहिनी पुटपुटल्या.

"धर तेका!"

विसार द्यायचाच तर चेकने, आणि सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या जमल्या नाहीत तर पैसे परत, असं लिहून घेऊन. जमीन शेतीची असेल तर आणखी एक. 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत घेऊ देत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी असल्याखेरीज. वहिनींच्या घरचा स्वतःचा शेतीचा सात-बारा आहे, तेव्हा ती चिंता नाही. खाडीची मात्र आहे. तेरेखोलच्या काठाला सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचा नियम, लागतो, त्यामुळे आहे ते घर मिळालं तरी मागे दोन खोल्या वाढवता येतील की नाही, हे खरेदीआधी विचारायचं, नंतर नव्हे.

"त्यापेक्षा सावंतवाडेक फ्लॅट बरो नाय?" वहिनी वैतागल्या.

बरा, पण तिथलेही कागद आहेतच. 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे बिल्डरला नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि भाव कार्पेट क्षेत्रावर बोलायचा. गोम अशी की प्लॉट 500 चौरस मीटरच्या आत किंवा फ्लॅट आठच्या आत असतील तर रेराची नोंदणी लागत नाही, आणि आपल्याकडच्या इमारती बऱ्याचदा त्याच मापाच्या. तिथे मग भोगवटा प्रमाणपत्र आपणच मागायचं. पलीकडे पेडण्यात बघितलं तर सात-बारा नाहीच, तिथे नमुना एक-चौदा, आणि गोव्याच्या नागरी कायद्यामुळे विकणाऱ्याच्या बायकोचीही सही लागते.

"हा कायदो बरो!" काकी एकदम खूश. "आमच्याकडे काय आसा काय बायलांका?"

आहे. 2021 पासून महाराष्ट्रात राहतं घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. मात्र नाव तिचं एकटीचं हवं. यावर वहिनी गप्प. सुनेच्या एकटीच्या नावावर घर म्हटल्यावर एक टक्का त्यांना फारच कमी वाटला असावा.

बँकेचं गणितही झिलाने अर्धंच केलं होतं. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण मुद्रांक, नोंदणी, वकील, कौलं परतणं हे सगळं सहसा आपल्या खिशातून. चौदा नावांच्या सात-बाऱ्यावर तर बँक आधी तोंडच फिरवते.

"आणि बावीचा पाणी चाखलंस?" काकींनी विचारलं. "आता वैशाखात चाख. पावसात सगळ्याच बावी गोड. खाडीकडची बाव मे म्हयन्यात तोंड दाखयता. आणि बाव तेची एकट्याची काय सामायिक, तांय बघ."

वकिलाच्या शोधात हे सापडत नाही. मी मनात काकींना फी देऊन टाकली.

"मगे सयो कशे घेवचे गो?" वहिनींचा आवाज आता मऊ झाला होता.

"चतुर्थीक सगळे येतले, तेव्हा."

येतात खरे, पण ओटीवर बसून घेतलेल्या सह्यांना खरेदीखत म्हणत नाहीत. सावंतवाडीला दुय्यम निबंधकासमोर उभं राहावं लागतं, आणि मुंबईकराची परतीची गाडी ठरलेली. ज्याला थांबायला जमत नाही त्याने नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र द्यावं, ते मुंबईतही करता येतं.

"एक जण मात्र येवचो नाय," वहिनी म्हणाल्या. "बोरिवलेचो. फणसाच्या झाडावरसून भांडान गेलो, तो चार वर्सां इलोच नाय."

"मगे पयली सय तेचीच घे," काकींनी खराटा उचलला. "फणस मी धाडतंय."