जुनी, नवी आणि उन्हाळ कांदा

येवल्यात आजीची पैठणी जितकी जुनी, तितक्या सुना तिच्यावर हक्क सांगतात. दारातली पंधरा वर्षांची गाडी मात्र घराण्याला डाग! खरं तर फिटनेस दाखवला, 5,000 रुपये फी आणि वर पर्यावरण कर भरला की नोंदणी पाच वर्षं पुढे सरकते. मेकॅनिकही म्हणतो, ‘इंजिनाला काही झालेलं नाही, क्लच प्लेट तेवढी बदला.’ पण त्याला विचारतंय कोण? निर्णय होतो अंदरसूलच्या कांदा लिलावात. कांदा चढला की जुनीचा आवाज अचानक खटकू लागतो. पडला की, ‘पत्रा काय होता राव तेव्हाचा!’

22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा तर बुकिंग ही बचतच ठरली. हप्ते सात वर्षांचे. चाळीतला कांदा टिकतो चार-पाच महिने.

शोरूमवाला जुनीभोवती एक फेरी मारतो आणि असा आकडा सांगतो, की मालक तिला तडक घरी आणतो, ‘पोराला शिकायला’ म्हणून. आता दारात दोन गाड्या, आणि मळ्यात जायला मोटारसायकल.