तोफांना चांदी फासणाऱ्या भाऊंस



दिवाळीच्या प्रदर्शनाच्या आदल्या रात्री आमच्या साखरखेर्ड्याच्या लढाईच्या देखाव्यातल्या सहाही तोफांना सिल्व्हर मारून तुम्ही जी सेवा केलीत, तिची जाहीर पोच द्यावी म्हणून हे पत्र. नाव लिहीत नाही. डबी तुम्ही तिथंच विसरून गेलात, तेवढी ओळख पुरे. शेवटी आपण खामगावकर, रजतनगरीचे. उघडं लोखंड आपल्याला बघवत नाही.

अडचण एवढीच झाली, की ही लढाई ऑक्टोबर १७२४ मधली. आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाच्या अंगाला, निजाम-उल-मुल्कनं मुबारिझखानाला गाठलं, खान पडला आणि दख्खनवरची दिल्लीची पकड सुटली ती सुटलीच. तुमच्या डबीत आहे ॲल्युमिनियमची भुकटी. हा धातू पहिल्यांदा वेगळा निघाला १८२५ साली, तोही डेन्मार्कात. म्हणजे लढाई संपल्यावर एकशे एक वर्षांनी तुम्ही तोफा रंगवून घेतल्या. सरकारी कामातसुद्धा एवढी दिरंगाई होत नाही.

‘मळकट दिसत होत्या’ असं तुम्ही म्हणालात म्हणे. अहो, त्या मळकट दिसाव्यात म्हणून मी तीन रविवार घातले! लोखंडी तोफ आधी काळी करायची, मग ब्रश फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि काव नि पिवडी नुसती कडांवरून फिरवायची. तोंडाशी दारूची काजळी. ओतीव कांस्याची असेल तर अंग तपकिरी आणि खोबणीत हिरवट झाक. शिवाय सगळं एक छटा फिकं ठेवायचं, कारण अडीच इंचाच्या वस्तूवर अस्सल गडद रंगसुद्धा डांबर ओतल्यासारखा दिसतो.

तुमची दुसरी सूचनाही पोचली: एक फौज भगवी करा, एक हिरवी, ‘म्हणजे पोरांना कळेल’. काय डोंबल कळेल? दोन्हीकडचे म्होरके मोगलांचेच सरदार, आणि मराठ्यांची कुमक निजामाच्या बाजूला. आता तुम्हीच सांगा, कोणता ब्रश कुठल्या डबीत बुडवू? त्यात सगळ्यांना एकसारखा गणवेश ही भानगडच तेव्हा नव्हती. शिलेदारानं घोडा आपला आणायचा, हत्यार आपलं आणायचं. अंगरख्याचा रंग त्याला कोण विचारतो? पोपटी आणि राणी रंगाचं तर बोलूच नका. कारखान्यातले रंग १८५६ नंतरचे.

मग रंग शोधायचा कुठं? बांधावर. फाल्गुनात करडईच्या पाकळ्या वेचल्या (बोटांना काटे टोचले, ते माझं मला), वाळवल्या, पाण्यात चोळल्या. पिवळं पाणी फेकून दिलं. उरलेला चोथा सोड्याच्या पाण्यात भिजवला, गाळून घेतला, वर लिंबू पिळलं, तेव्हा कुठं सुती चिंधीवर कुसुंबी उतरला. काय रंग होता बाप्पा! मग तीच चिंधी आठ दिवस गच्चीवर टाकली. आपलं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. निम्मा रंग उडाला, आणि उरला तो मी स्वारांच्या पागोट्यांना दिला. मोहिमेवरचा माणूस लग्नघरातून निघाल्यासारखा दिसत नसतो. बाकीच्यांच्या अंगावर बिनरंगी सूत: पांढऱ्यात चिमूटभर पिवडी. पायाखाली साखरखेर्ड्याच्या शिवारातली काळी माती, वस्त्रगाळ करून गोंदावर भुरभुरलेली. त्या मातीवरही तुमचे दोन चंदेरी ठिपके आहेत. सही समजून ते राहू दिले आहेत.

टर्पेंटाइननं पाच तोफा आजवर साफ झाल्या. सहावीची काव मात्र सिल्व्हरबरोबरच निघाली, ती पुन्हा पहिल्यापासून.

आणि हो, ब्रश माझाच वापरलात, झिरो नंबरचा. निदान धुऊन तरी ठेवायचा.

कळावे,
आपला मळकट