गालफडांची रीडेव्हलपमेंट

चेंबूरमध्ये वजनापायी जाहीर अब्रू गेलेली सर्वांत गाजलेली केस माणसाची नाही, मोनोरेलची आहे. १९ ऑगस्ट २०२५ च्या धुवांधार पावसात हार्बर लाइन बंद पडली, सगळी गर्दी मोनोकडे धावली आणि म्हैसूर कॉलनीजवळ तिने अधांतरीच बसकण मारली. ५८२ प्रवाशांना अग्निशमन दलाने शिड्या लावून खाली उतरवलं. एमएमआरडीएने कारण दिलं : गाडीची क्षमता १०४ टन, अंगावर भार सुमारे १०९ टन. पण तिला ‘भात सोड’, ‘रोज डायमंड गार्डनला चार फेऱ्या मार’ असा सल्ला कुणी दिला नाही. उलट महिन्याभरात सुधारणांसाठी रजा मिळाली.

माणसाला ही सवलत नाही. लिफ्टने ओव्हरलोडची शिट्टी मारली की आतले सगळे एकाच माणसाकडे बघतात. आमच्या सोसायटीत हा मान बरीच वर्षं खजिनदारांकडे होता. कॅम्पातले छोले-सामोसे, स्टेशनजवळची इडली, वार्षिक सभेतले वेफर्स, कशालाच त्यांनी कधी ‘नको’ म्हटलं नाही. तरुणपणी याच अंगाला लोक ‘खात्यापित्या घरचा’ म्हणायचे. लग्नानंतर ‘लग्न मानवलं हो’ म्हणू लागले. पन्नाशीत डॉक्टरांनी त्याला मधुमेह म्हटलं, तेव्हा कुठे लोकांनी ‘सुटलाय नुसता’ असा निकाल दिला.

मग इंजेक्शन आलं. मार्च २०२५ मध्ये मौंजारो भारतात दाखल झालं, जूनमध्ये वेगोवी. आठवड्यातून एकदा पोटाला टोचून घ्यायचं. मौंजारोच्या सुरुवातीच्या डोसची कुपी तेव्हा ३,५०० रुपयांना होती, म्हणजे महिन्याला १४,०००. वेगोवीचा महिना १७,३४५ पासून सुरू होत होता, तो नोव्हेंबरात १०,८५० वर आला. वजन घटवणारं औषध स्वतःच ३७ टक्के बारीक झालं, यापेक्षा मोठा दाखला कोणता हवा?

या घराण्यातलं पहिलं औषध ज्यावरून सुचलं, तो रेणू सापडला अमेरिकेतल्या हिला मॉन्स्टर नावाच्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या विषात. २००५ मध्ये तिथे ते मंजूर झालं. घोरपडीला दोर बांधून गड चढल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला याचं नवल वाटू नये. फरक इतकाच, की ती गडावर चढवायची आणि हा प्राणी काट्यावर उतरवतो. जेवण झाल्यावर आतड्यातून मेंदूला ‘पुरे’ असा निरोप देणारं एक संप्रेरक असतं, त्याची ही औषधं नक्कल करतात. शिवाय अन्न पोटात जास्त वेळ रेंगाळतं. खजिनदारांना आयुष्यात प्रथमच कुणीतरी ‘पुरे’ म्हटलं, आणि तेही आतून!

औषधात खोट नाही. मोठ्या चाचण्यांत वेगोवीतल्या सेमाग्लुटाइडवर ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, मौंजारोतल्या टिर्झेपाटाइडच्या वरच्या डोसवर ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. खजिनदारांचंही उतरलं. साखर ताब्यात आली, रक्तदाबाची एक गोळी सुटली, घोरणं थांबल्यामुळे खालच्या मजल्यावरच्यांना झोप लागू लागली. डॉक्टर खूश झाले. सोसायटी मात्र नाही.

‘काय हो, बरं नाही का?’ सेक्रेटरींनी जिन्यात अडवलं. ‘गालफडं पार बसली की तुमची!’ पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ‘अगदी पाप्याचं पितर दिसताय, जरा तूप खात जा.’ एका हितचिंतकाने तर बाजूला घेऊन दबक्या आवाजात सांगितलं, ‘टाटात ओळख आहे माझी. लाजू नका.’ वीस वर्षं ज्यांनी ‘पोट कमी करा’ म्हटलं, त्यांनीच वीस दिवसांत माणसाला परळच्या रुग्णालयात पोचवलं.

खजिनदारांनी घाबरून स्किन क्लिनिक गाठलं. तिथे कळलं, की गालाखाली चरबीच्या लहान लहान गाद्या असतात. वजन झपाट्याने उतरलं की त्याही आटतात, आणि कोलाजेन-इलास्टिनचा जोर वयाबरोबर ओसरलेला असल्यामुळे वरची कातडी मापात येत नाही. अमेरिकेत याला ‘ओझेम्पिक फेस’ म्हणतात. त्या नावाचं औषध भारतात डिसेंबर २०२५ मध्ये आलं. चेहरा त्याआधीच येऊन पोचला होता.

उपाय भरपूर निघाले. हायल्युरॉनिक अॅसिडचं फिलर : गाल भरतो, पण ते काही महिन्यांत विरघळतं, मग पुन्हा भरा. धाग्यांनी कातडी वर ओढणारं थ्रेड लिफ्ट. रेडिओफ्रिक्वेन्सीचा शेक. जास्तीची कातडी कापून काढणारं फेसलिफ्ट, पोटासाठी टमी टक. आणि सर्वांत वर फॅट ग्राफ्टिंग, म्हणजे मांडीतली चरबी शोषून गालात सोडायची. हे ऐकून आयुष्यभर हिशेब तपासलेल्या माणसाने विचारलं, ‘म्हणजे चरबी घालवायला महिन्याला चौदा हजार, आणि उरलेली एका जागेवरून दुसरीकडे न्यायची तर ट्रान्सफर फी वेगळी? सोसायटीत तरी तिला पंचवीस हजारांची मर्यादा आहे हो!’

टिळक नगर-सुभाष नगरच्या जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताना पाहिलेल्या चेंबूरकराला हा व्यवहार चटकन कळतो. आधी रिकामं करा, मग भरा, आणि वाढीव खर्च सभासदाच्या माथी. धोका एकच, मूळ भाडेकरू परत येण्याचा. सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांचा अभ्यास झाला, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वर्षभरात परत आलं होतं. म्हणजे एकाच गालात फिलरही राहणार आणि जुना रहिवासीही.

सरकार या सगळ्यात तटस्थ नाही. उपचारांच्या सेवेला जीएसटी माफ आहे, सौंदर्यशस्त्रक्रियेला १८ टक्के लागतो. सूट मिळते ती जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा इजा असेल तर. आरोग्य विम्याची पॉलिसीही सौंदर्यशस्त्रक्रियेला दारातूनच परत पाठवते. चाळीस किलो उतरलेल्या बाईच्या ओटीपोटावर कातडीची घडी लोंबते, तिच्याखाली घाम साचून चट्टे उठतात, कातडी सोलवटते. तिला मिरवायचं नसतं, जळजळ न होता ऑफिसला जायचं असतं. पण कागदावर तीही नटवी. लठ्ठपणा हा आजार आहे अशी भाषणं देणाऱ्यांनी त्या आजाराच्या मागे उरलेल्या घडीला चैनीच्या रांगेत उभं केलं आहे.

कापून-जोडून माणूस नीट करणं आपल्याकडे नवं नाही. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या तावडीत सापडला आणि नाक गमावून परतला. पुण्याजवळच्या एका वीटकामवाल्याने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. त्या पत्राची प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये तसंच ऑपरेशन केलं. त्या काळी माणसाचं नाक कापायला टिपूची फौज लागायची. आता ते काम सोसायटीचा जिना बिनपगारी करतो.

आणि गालावरून प्रकृती ओळखायची विद्याही पुण्यानेच खोटी पाडली आहे. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२. भारतीय माणूस वरून शिडशिडीत आणि आतून चरबीदार असू शकतो, हे त्या एका चित्राने जगाला दाखवलं. ते ओळखायला यंत्र लागलं. आमच्या पहिल्या मजल्याला ते पायरीवरून नुसतं बघून समजतं!

तेव्हा ज्यांना इंजेक्शनची गरज आहे त्यांनी ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, देखरेखीखाली, न लाजता घ्यावं. कातडीवर शस्त्रक्रिया करायची असेल तर आधी वजन काही महिने स्थिर राहू द्यावं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल आठवणीने सांगावं. पोट उशिरा रिकामं होत असल्यामुळे भुलेत अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. दुसऱ्याचं तोंड बंद करण्यासाठी मात्र आपला गाल भरू नये. गाल भरले की ते ‘पुन्हा सुटलाय’ म्हणणारच.

उरलेल्यांसाठी एवढंच. सैल कातडी ताणून देणारे सर्जन या शहरात हवे तेवढे आहेत. सैल जिभेवर कुणी शस्त्रक्रिया करत नाही. ती ज्याची त्याने घरच्या घरी, भूल न घेता करायची असते, आणि तिच्यावर जीएसटीही नाही. जिन्यात कुणी बारीक झालेलं दिसलं तर टँकरच्या पाण्याबद्दल बोला, पार्किंगवरून हवं तर भांडा, पण त्याच्या गालांना हात घालू नका.