श्रावणातला तपकिरी त्रिकोण

श्रावण लागला की आपल्याकडे आधी फ्रीज धुतला जातो. सुकटीचा डबा माळ्यावर चढतो, उरलेली अंडी शेजाऱ्यांना दिली जातात, कांदा-लसणावर पाळत बसते. एवढा कडेकोट बंदोबस्त झाल्यावर, रात्री जेवण आटोपून, काका एक डबी उघडतात आणि माशाच्या तेलाची टपोरी, सोनेरी कॅप्सूल भक्तिभावानं गिळतात. काही विचारायची सोय नाही. उत्तर तयार असतं, "अरे, ते औषध आहे. औषधाला दोष नसतो."

नसेलही. पण ते औषध नाही. हे आम्ही म्हणत नाही, डबीच म्हणते. मागच्या बाजूला, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. ती हौसेनं छापलेली नसते, नियमानं छापावी लागते. कायद्याच्या लेखी हा खाद्यपदार्थ. आणि खाद्यपदार्थ म्हटला की शाकाहारी-मांसाहारीची खूणही आलीच. काकांच्या डबीवर ती आहे : चौकोनात तपकिरी त्रिकोण. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तापाच्या गोळीच्या पाकिटावर असा त्रिकोण कधी बघितलात?

तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की काका श्रावणात मासे खातात की नाही. काकूंनी हा त्रिकोण अजून पाहिलेला नाही म्हणून घरात शांतता आहे. पण त्यांनी हसू नये. केसांसाठी त्या ज्या लालचुटूक गमी चघळतात, त्या जिलेटिनच्या आहेत, आणि जिलेटिन जनावरांची हाडं नि कातडी उकळून काढतात. सूनबाईंची ड जीवनसत्त्वाची गोळी बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनलेली. म्हणजे या घरात सोवळ्यात मासा, हाडूक आणि मेंढी अशी तिन्ही मंडळी नांदताहेत आणि हद्दपार झालाय तो बिचारा लसूण! बरं, खाद्यपदार्थच असेल तर त्याला खाद्यपदार्थाचे रीतिरिवाज नकोत? एकादशीला गमी चालते का? साखर पहिल्या क्रमांकावर आहे म्हणजे चालायला हरकत नाही, पण मग मधुमेहाचं काय? सत्यनारायणाला कॅप्सूल प्रसादात सव्वापट घालावी का? केळवणाला बोलावलं तर पानात डावीकडे वाढायची की उजवीकडे, लोणच्याच्या आधी की कोशिंबिरीच्या नंतर? आणि "अजून एक घ्या हो, आमच्या गळ्याची शपथ" असा आग्रह झाला तर? थट्टा नाही, ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची जी गोळी डॉक्टर आठवड्यातून एक सांगतात, ती 'चांगली असते ना' म्हणून रोज घेणारे महाभाग आहेत. क जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं, पैसे तेवढे वाहून जातात. ड तसं जात नाही. ते चरबीत साठतं, रक्तातलं कॅल्शियम वाढवतं आणि मूत्रपिंडाला महागात पडतं.

ज्याला कमतरता आहे त्यानं घ्यावं, याबद्दल वादच नाही. ब-12 वनस्पतींत मिळत नाही. दूधदहीसुद्धा न खाणाऱ्यानं ते बाहेरून घेतलंच पाहिजे. पण काकांनी रक्त तपासलेलं नाही. काकांनी जाहिरात बघितली आहे. आणि मंडईत शेवग्याच्या शेंगांवर दोन रुपयांसाठी दहा मिनिटं हुज्जत घालणारा हा गृहस्थ हजाराची डबी एका बोटात मागवतो, तेव्हा आमचं डोकं फिरतं. याच राज्यात, सरकारच्याच 2019-21 च्या पाहणीनुसार, 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. त्यांच्यासाठी लोहाची गोळी फुकट असते. गरोदर बाईची लाल, शाळेतल्या मुलीची निळी. तिची जाहिरात नाही, तिला संत्र्याचा स्वाद नाही, तिनं मळमळतं. ती पोटात जावी म्हणून आशाताई उन्हातान्हात उंबरे झिजवतात आणि त्या चकरांचा मोबदला मागायला त्यांना मोर्चे काढावे लागतात. इकडे टॉवरमध्ये मात्र धडधाकट माणसं नाश्त्याला रंगीत अस्वलं चघळत 'इम्युनिटी' वाढवताहेत. कशाविरुद्ध वाढवताहेत, देव जाणे. अकलेविरुद्ध तर लढाई केव्हाच जिंकलेली आहे.

असो. काका ऐकणार नाहीत, तुम्ही तरी ऐका. रक्त तपासा, डॉक्टरांना विचारा, मगच डबी घ्या, आणि घ्याल तेव्हा मागची बाजू भिंग लावून वाचा. आणि घरातल्या बाईला लोहाची गोळी दिली असेल तर ती सकाळच्या चहाबरोबर देऊ नका. चहानं त्यातलं लोह अंगाला फारसं लागत नाही.