उजव्या कोपऱ्यातील कारभार

संकेतस्थळाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात जो एक वाटोळा बुडबुडा ठाण मांडून असतो, आणि कोणी निरोप धाडलेला नसतानाही ज्याच्या शिरावर तांबडा '1' झळकतो, त्या चॅट-विजेटच्या उभारणीत माझाही अल्पस्वल्प वाटा आहे, हे मी चारचौघांत सहसा सांगत नाही. कारण ऐकणाऱ्याचा त्या बुडबुड्याशी आजवरचा संबंध केवळ फुली दाबण्यापुरताच आलेला असतो.

'मॉड्युलर' तत्त्वानुसार या विजेटची स्वतंत्र खाती पाडलेली आहेत. बुडबुड्याचे खाते निराळे, निरोपांच्या यादीचे निराळे आणि पलीकडे कोणी लिहीत असल्याचा भास उत्पन्न करणाऱ्या तीन ठिपक्यांचेही निराळे. (पलीकडे यंत्र असले आणि त्याचे उत्तर तयार असले, तरीही ते ठिपके नाचतात; विचार केल्याचे सोंग न करता मिळालेले उत्तर गिऱ्हाइकास उद्धट वाटते, असे आमच्या वरिष्ठांचे मत.)

माझ्या वाट्यास बुडबुडा आला. पानावरील कोणती वस्तू कोणाच्या वर बसावी, याचा निवाडा झेड-इंडेक्स नामक अंकावर होतो. सालस मनुष्य तेथे 10 लिहील. परंतु विजेटची तैनात परमुलखात असल्यामुळे त्याने थेट 2147483647, म्हणजे चिन्हासकट बत्तीस बिटांत मावणारा परमावधीचा अंक, मागून घ्यावा असा या धंद्याचा परिपाठ आहे. दुर्दैव असे की कुकीजची संमती मागणाऱ्या पट्टीच्या कर्त्यानेही याच अंकाची सनद पैदा केलेली असते. आणि दोन दावेदार तुल्यबळ ठरले, की ब्राउझर सेवाज्येष्ठता मुळीच न पाहता, दस्तऐवजात जो मागाहून दाखल झाला त्यालाच वर बसवतो. तेव्हा सर्व पान मांडून झाल्यावर, अगदी अखेरीस, बुडबुडा हळूच दाखल करण्याची तजवीज मी केली, आणि 'पान जलद उघडावे म्हणून केलेली सुधारणा' अशी तिची नोंद झाली.

बुडबुड्यावर दाखवायचा निरोपाचा मासला ठराविक लांबीवर छाटणारी कात्री 'स्त्री' हे अक्षर सहा तुकड्यांचे मानून बेलाशक 'स्त्' एवढेच शिल्लक ठेवी. तिला अक्षरांच्या सीमा शिकवण्याचे कामही माझेच.

हे सारे श्रम संहितेतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या दप्तरी ओळीओळीस नावानिशी नोंदलेले होते. पुढे एका सहकाऱ्याने टॅब काढून मोकळ्या जागा घालणारे स्वयंचलित साधन सबंध संहितेवरून फिरवले, आणि सातबाऱ्यावर फेरफार व्हावा तशा माझ्या सगळ्या ओळी एका दुपारी त्याच्या नावे चढल्या. अशा फेरफारांच्या ठराविक नोंदींकडे काणाडोळा करण्याची सोय गिटमध्ये 2019 सालापासून आहे. वगळण्याच्या नोंदींची यादी तेवढी द्यावी लागते. ती यादी मी रीतसर सादर केली. तपासनीस म्हणून नेमणूक झाली ती त्याच गृहस्थाची, आणि त्याने पहिली हरकत घेतली ती यादीतील मोकळ्या जागांवर.